केनियाच्या कौन्सिलातील जागावाटप

संपादक महोदय,

केनियातील भारतीयांचा विषय निघाला, की अलीभाई मुल्ला जीवनजी हे तिथल्या विधान परिषदेवर नेमलेले पहिले बिगरगोरे सदस्य, एवढ्यावरच आपण खूश होतो. पुढचा हिशेब सांगायचा राहून जातो. ब्रिटिश सरकारच्या १९२३च्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने मूठभर गोऱ्यांना निवडणुकीच्या ११ जागा दिल्या आणि त्यांच्या दुपटीहून अधिक असलेल्या भारतीयांना ५! समाईक, म्हणजे सर्व वंशांच्या एकाच मतदार यादीसाठी भारतीयांनी बहिष्कार टाकला, ते योग्यच. पण आफ्रिकनांच्या वतीने बोलणार कोण, तर एक गोरा मिशनरी. एलियुड माथू हे पहिले आफ्रिकन सदस्य आले १९४४मध्ये, तेही नेमणुकीने. आफ्रिकनांच्या मतदानाला १९५७ उजाडले. त्यातही शिक्षण-मिळकत पाहून एकेकाला तीनपर्यंत मते!

– एक वाचक, पुणे