कोंडवाड्यातली चूल

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी ताईने सिनसिनाटीच्या फ्रीडम सेंटरला नेलं, अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचं संग्रहालय. ओहायो नदीच्या अगदी काठावर आहे. मला वाटलं, फोटो आणि पाट्या असतील, तासाभरात आटपेल. तर आत एक अख्खं ओंडक्यांचं दुमजली घर उभं!

घर कसलं, माणसांचा कोंडवाडा. २१ बाय ३० फूट. जॉन अँडरसन नावाचा केंटकीचा व्यापारी १८३०च्या सुमारास माणसं विकत घेऊन यात डांबायचा आणि पुढे दक्षिणेत मिसिसिपीतल्या नॅचेझच्या बाजारात नेऊन विकायचा. आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८पासून बंदी, पण दक्षिणेत कापसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती. मग देशातल्या देशातच विक्री सुरू.

पुढे त्याभोवती तंबाखूचं कोठार उभं राहिलं. मी निपाणीची, त्यामुळे आत शिरताच नकळत वास घेतला. नुसतं जुनं लाकूड.

पुरुषांना वर ठेवायचे. वरच्या तुळईला लोखंडी कड्यांची रांग आहे, त्यांतून साखळी ओवलेली असायची. बायका खाली, तिथे दगडी चूल. रांधायचं त्यांनीच. ताई कड्या बघत होती, माझे पाय मात्र चुलीपाशीच अडकले. उद्या आपल्याला कुठे नेणार ते माहीत नाही आणि आज पीठ मळायचं. मीठ कोण मोजून देत असेल, असलंच काहीतरी डोक्यात येत राहिलं.

जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं एका मार्काला घातला. उत्तर: गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पोरं घोकून लिहायची, मी बरोबरची खूण करायचे. त्यापलीकडे काही शिकवलं नाही, खरं सांगते.

नदीच्या अलीकडे ओहायोत गुलामगिरीला बंदी, पलीकडे केंटकीत मुभा. पण नुसती नदी ओलांडून भागत नव्हतं. १८५०च्या कायद्याने पळालेल्याला इकडेही पकडून परत नेता येई, म्हणून कित्येक जण थेट कॅनडा गाठायचे. मार्गारेट गार्नर १८५६च्या जानेवारीत गोठलेल्या नदीवरून मुलांना घेऊन आली होती. तिचं पुढे काय झालं ते फोनवर सांगेन, लिहवत नाही.

बाहेर पडल्यावर आम्ही पुलावरून चालत केंटकीत गेलो. माझ्या गुडघ्यांनीसुद्धा फार वेळ लागला नाही. पलीकडे ताईने कॉफी घेतली, मी नको म्हटलं.

गॅसचा नंबर लावलास का?

तुझी,
आई