सईचं मलम बंद करू नका

अनगोळ, बेळगाव
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

प्रिय नारू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "तू मॉइश्चरायझर सोडलंस आणि सुधारलास, आता आम्ही सईचंही बंद करून बघतो." मी शॉपमध्ये होतो, मागं दोन लेथ चालू. "नको, नको" एवढंच ओरडलो आणि फोन कटला. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही, म्हणून लिहायला बसलोय. मुद्दा आधीच सांगून टाकतो. सईचं मलम बंद करू नका. तिचं दुखणं लहानपणापासूनचं, माझं स्टेरॉइडच्या ट्यूबनं ओढवून घेतलेलं. आणि मी सोडलं म्हणतोस ते तरी कुठं पूर्ण खरं आहे? कमी केलंय. तेही जागा बघून, हवा बघून, डॉक्टरबाईंना दाखवून.

माझी कथा तुला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे, एकदा सलग ऐक. आपल्याकडचा पावसाळा तू विसरला नसशील. जूनपासून कपडे वाळत नाहीत, उद्यमबागेतल्या शॉपमध्ये पत्र्याखाली घाम आणि वर कूलंटचे, म्हणजे लेथवर जॉब गार ठेवायच्या पाण्याचे, शिंतोडे. अशा एका पावसाळ्यात जांघेत नायटा झाला. गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं काही न विचारता एक ट्यूब पुढं सरकवली. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासॉल, तिन्ही एकत्र. क्लोबेटासॉल म्हणजे लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. ते सलग २ आठवड्यांच्या वर लावायचं नसतं, आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर जायचं नसतं, आणि चेहरा, जांघ असल्या पातळ कातडीच्या जागांपासून तर लांबच ठेवायचं असतं. हे मला कुणी सांगितलं नाही गा. खाज दोन दिवसांत गेली. पुन्हा आली, पुन्हा ट्यूब. मग हातावर कूलंटचे चट्टे उठले, त्यालाही तीच. मान, कोपर, शेवटी चेहरा. २०१८ साली सरकारनं १४ स्टेरॉइडं चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीत घातली, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार मला तरी भेटला नाही.

पुढं ट्यूब बंद केली की दोन-तीन दिवसांत अंग पेटायला लागलं. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आवळून धरतं. ते काढून घेतलं की त्या सैल सुटतात आणि कातडी लाल, गरम होते. माझे हात खांद्यापासून मनगटापर्यंत लालभडक आणि तळहात मात्र नेहमीसारखे, मध्ये आखल्यासारखी रेघ. डॉक्टरबाईंनी ती रेघ बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "काय लावत होता?" मी ट्यूब टेबलावर ठेवली. त्यांनी आधी सकाळी आठच्या सुमाराला रक्त काढून कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, किती आहे ते बघितलं. जहाल स्टेरॉइड अंगभर फार दिवस लावलं की शरीर आपलं स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं कमी करतं, आणि एकदम थांबवलं तर चक्कर, अशक्तपणा येऊ शकतो. म्हणून तूही कुणाला "आजपासून फेकून दे" असलं सांगू नकोस.

ट्यूब सुटल्यानंतरचे महिने कसे गेले ते फार लिहीत नाही. झोप नाही, उन्हाळ्यातही हुडहुडी, कोपरातून पाणी, सकाळी गादीवर गिरणीतल्यासारखा कोंडा. मान तर अशी ताठ झाली होती की तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ मागून येणारी गाडी बघायला मला गाडी थांबवून कमरेपासून वळावं लागायचं. मानेवरच्या घडीत बारीक चीर, घाम गेला की जीव कासावीस. लोक विचारायचे, भाजलास काय? मी हो म्हणून मोकळा व्हायचो, तेवढंच सोपं.

या काळात मी पेट्रोलियम जेली थापत होतो. थापत होतो हाच शब्द. सकाळी, जेवायच्या सुट्टीत, घरी आल्यावर, झोपताना, रात्री उठून. त्यावेळी ते बरोबरच होतं, चिरा पडलेल्या कातडीला झाकण हवंच होतं. प्रश्न नंतर आला. कोंडा कमी झाला, पाणी यायचं थांबलं, तरी जेली चुकली की दोन तासांत कातडी ओढायला लागायची. शर्टाच्या कॉलरी पिवळ्या, उन्हात बाहेर पडलं की आत घाम कोंडून बारीक पुटकुळ्या. एवढं लावून कातडी स्वतः काही करते की नाही, हेच कळेनासं झालं.

तेव्हा मी जपानच्या डॉक्टरांबद्दल वाचलं. ओसाकाकडचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. केंजी सातो स्टेरॉइडबरोबर मॉइश्चरायझरही सोडायला लावतात. म्हणणं असं की वरून सारखा ओलावा मिळाला की कातडी आपला थर उभा करायचं लांबवते. ते वाचून मी डब्याचं झाकण लावून तो माळ्यावर टाकायला निघालो होतो. डॉक्टरबाईंनी थांबवलं. त्या म्हणाल्या, हा त्यांचा अनुभव आहे, दोन गट करून तुलना केलेला पुरावा नाही, आणि बाकीचे बहुतेक त्वचातज्ज्ञ हे मानत नाहीत. कातडी प्लॅस्टिकनं हवाबंद झाकली तर तिची दुरुस्ती मंदावते असं प्रयोगात दिसलंय, पण पेट्रोलियम जेलीनं तसं होत नाही असंही दिसलंय. म्हणजे गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. पण मला घुसमटतंय, पुटकुळ्या येतायत, तर कमी करून बघायला त्यांची ना नव्हती. त्यांच्याकडचा कंपाउंडर बैलहोंगलकडचा, तो माझा हात बघून म्हणाला, "हच्चब्याड्री, सुम्न बिड्री." लावू नका, नुसतं राहू द्या. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडं चष्म्यावरून बघितलं.

सुरुवात दंडांपासून केली, कारण तिथली कातडी सगळ्यात आधी सावरली होती. आधी थर पातळ. मग जेलीऐवजी साधं, वासाचं काही नसलेलं क्रीम. मग दुपारचं बंद, मग फक्त झोपताना. दंड जमले की पोट, मग पाठ. मान सगळ्यात शेवटी. पहिले काही दिवस ओढ बसतेच. हात वर केला की कातडी आखूड पडल्यासारखं वाटतं, आणि थांबलेला कोंडा पुन्हा सुरू होतो. नुसती ओढ आणि कोरडा कोंडा असेल तर मी थांबून बघायचो. चीर पडली, पाणी आलं, तर त्या जागेवर त्याच रात्री परत लावायचो. मधासारखी पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर घरी काही करायचं नाही, सरळ दवाखाना. तो जंतुसंसर्ग असतो, त्याचा लावण्या-न लावण्याशी संबंध नाही.

आंघोळीचं पाणी कोमट ठेवलं, पाच-सात मिनिटांत बाहेर. साबण फक्त काखेत आणि जांघेत. नखं बारीक. जपानकडं पाणी पिणंही मोजून-मापून करायला सांगतात म्हणे, ते मी केलं नाही. उद्यमबागेत भट्टीशेजारी उभं राहून पाणी तोडायचं म्हणजे दुसरंच दुखणं ओढवून घेणं.

हातांचं मात्र कमी केलं नाही. दिवसातून कितीदा तरी कूलंट आणि हात धुणं, त्यात लेथवर हातमोजे घालता येत नाहीत. फिरत्या जॉबात हातमोजा अडकला की बोट जातं. त्यामुळं सुट्टी झाली की हात धुवून, पुसून, जाड थर लावतोच. एकाच माणसाच्या अंगावर दंडाला काही नाही आणि बोटांना जाड थर. आमच्या शॉपमधली पोरं हसतात. हसू देत.

खरी लढाई घरात झाली बघ. आईला औषध बंद केलेलं पटलं, पण अंगाला तेल नाही हे काही केल्या पटेना. "संन्यास घेतलास काय?" दिवाळीत नरक चतुर्दशीला पहाटे पाट मांडला, रांगोळी काढली, कारीट ठेवलं, आणि तेलाची वाटी बंबाजवळ कोमट करून हजर. उटण्याचा वास नाकात गेला तसा माझ्या मानेला आधीच चुरचुर सुटली. त्या उटण्यात काय काय असतं बघ, कचोरा, नागरमोथा, गव्हला, संत्र्याची साल. निरोगी कातडीला छान, माझ्या मानेला तिखट. मी नाही म्हणालो तर आईच्या डोळ्यात पाणी. बायको मध्ये पडली. शेवटी तह झाला. डोक्याला तेल, तळपायाला तेल, मध्ये काही नाही. उटणं नावापुरतं पायाच्या बोटांना लावलं. आई म्हणाली, "असली अर्धवट दिवाळी मी उभ्या जन्मात केली नव्हती." पण बाकी अंगावरून तिनं नुसतं कोमट पाणी ओतलं, हळूहळू, लहानपणी ओतायची तसं, आणि वर सगळ्या शेजारणींना सांगितलं की डॉक्टरनं सांगितलंय. त्यानंतर कडुलिंबाच्या पाल्याचे आणि गोमूत्राचे सल्ले बंद झाले. आईच्या तोंडून गेलं की अनगोळात ते सरकारी आदेशापेक्षा पक्कं!

आणि हवेचं लक्षात घे. मी कमी करायला लागलो तेव्हा पाऊस होता, हवेतच ओल. जांबोटीला बहिणीकडं गेलो तर तिथं भिंतीला बुरशी धरलेली, कातडीला काही लावायची आठवणसुद्धा नव्हती. पण दिवाळीनंतर कोरडं वारं सुटलं आणि जानेवारीत पोटऱ्या भेगाळल्या. मग पोटऱ्यांना पातळ थर परत चालू केला. थंडी सरली की बघू. मी काही व्रत घेतलेलं नाही, मोडलं म्हणून पाप लागायला. माझी मान आता वळते, रात्री झोप लागते. जेली कमी केली म्हणून हे झालं, की स्टेरॉइड सुटून पुरेसे दिवस गेले म्हणून झालं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

आता सई. तिला लहानपणापासून कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत एक्झिमा आहे, म्हणजे खाजणारे कोरडे चट्टे. अशा पुष्कळ मुलांच्या कातडीचा वरचा थर जन्मतःच कच्चा असतो, आतलं पाणी उडतं आणि बाहेरची धूळ, साबण आत शिरतो. तिला मॉइश्चरायझर हाच उपचाराचा पाया. आंघोळीनंतर अंग टिपून, ओलसर असतानाच लावायचं, आणि चट्टा नसला तरी रोज लावायचं. ते काढून घेतलंत तर खाज वाढेल, पोर रात्रभर ओरबाडेल, आणि मग जास्त जहाल औषध द्यायची पाळी येईल.

माझं ऐकून वहिनी स्टेरॉइडच्या नावालाच घाबरल्यात असंही तू म्हणालास. ती भीती माझ्यामुळं बसली असेल तर ती मलाच काढली पाहिजे. सईच्या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड थोड्या दिवसांसाठी, फक्त चट्ट्यावर सांगितलंय. माझ्या ट्यूबशी त्याची बरोबरी नाही. मापही सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून जेवढी ओळ निघते ते साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मोठ्या माणसाच्या, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. त्याहून कमी लावून महिनोन्‌महिने रेंगाळत ठेवण्यापेक्षा नीट लावून वेळेत थांबवणं बरं. मात्र ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा तीन-चार औषधांची नावं एकत्र दिसली, तर लावायच्या आधी डॉक्टरांना विचार. मेडिकलवाल्यानं "हेच घ्या, सेम आहे" म्हटलं तर घेऊ नकोस, लई वेळा ते सेम नसतं.

या आठवड्यात तिच्या डॉक्टरांना एकदा भेटून ये. ट्यूब आणि क्रीमचा डबा दोन्ही बरोबर ने, नुसती नावं तोंडी सांगू नकोस. किती दिवस लावायचं आणि कधी थांबवायचं ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घे, म्हणजे वहिनींना आणि तुझ्या आईला एकच कागद दाखवता येईल. काय म्हणाले ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, सईला गोड पापा.

तुझा,
बाळू