पागेतला तिसरा माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोडेस्वारीविषयी वृत्तपत्रांतून जे लेखन येते त्यात स्वार असतो, घोडा असतो, क्वचित प्रशिक्षक आणि घोड्याची निगा राखणारा मोतद्दारही असतो; परंतु ज्याला घोड्याची हौस मुळीच नाही आणि तरीही आठवड्यातून चार दिवस ज्याच्या हाती लीद भरण्याचे फावडे असते, तो स्वाराचा जोडीदार त्यात कुठेच दिसत नाही. मी गेली अकरा वर्षे तो माणूस आहे. माझी पत्नी घोडा पाळते. मी घोड्यावर एकदाच बसलो, आणि उतरल्यावर पुन्हा बसावेसे वाटले नाही. मला घोड्याचे वेड नाही आणि पुढेही लागणार नाही, हे आम्ही दोघांनी केव्हाच मान्य केले आहे. अशा जोडीदारांकडून घोड्याच्या देखभालीत मदत कशी घ्यावी आणि त्यांनी ती कशी द्यावी, याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण या मदतीत जे बिघडते ते आळसापेक्षा न शिकवलेल्या उत्साहाने अधिक बिघडते, असे माझ्याच चुकांवरून माझे मत झाले आहे.

घोडा पाळणे म्हणजे रोज तासभर फेरफटका, अशी बाहेरच्यांची समजूत असते. सुमारे ५०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला १० किलोंच्या आसपास सुकी वैरण लागते, २५ ते ५० लिटर पाणी लागते, आणि तो रोज साधारण २० किलो लीद टाकतो. खूर रोज साफ करावे लागतात, आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे लागते. यातले कोणतेही काम सुट्टीच्या दिवशी थांबत नाही. नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाला हे वर्षानुवर्षे झेपणे कठीण असते, त्यामुळे घरातले दुसरे माणूस आज ना उद्या पागेत ओढले जातेच. ते कोणत्याही शिक्षणाशिवाय, 'जरा एवढे धर' या तीन शब्दांनी ओढले जाते, ही खरी अडचण आहे.

माझ्या बाबतीत ते 'एवढे' म्हणजे घोड्याच्या तोंडावरच्या म्होरकीला बांधलेला दोर होता. पत्नी खोगीर आणायला गेली आणि घोडा निसटू नये म्हणून मी तो दोर हाताभोवती दोनदा गुंडाळून घेतला. कुत्र्याचा पट्टा आपण असाच धरतो. मागे कुठेतरी पत्रा वाजला, घोड्याने मान झटकली, आणि माझ्या तळहाताची साल निघाली. दोर अडकला असता तर बोटेही गेली असती. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, त्याची घडी घालून ती मुठीत धरायची, ही गोष्ट पत्नीला इतकी अंगवळणी पडली होती की ती सांगावी लागते हेच तिच्या ध्यानात आले नव्हते. जाणकार आणि अजाण यांच्यातली दरी अशा ठिकाणी असते. घोड्याच्या वंशावळीबद्दल मला काही ठाऊक नसले तरी कुणाचे बिघडत नाही; परंतु घोडा हा संकट दिसताच आधी पळणारा प्राणी आहे, त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसत असले तरी नेमके शेपटीमागे आणि कपाळासमोर अगदी जवळचे दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जावे, मागून जायचेच असेल तर एक तर अंगाला हात लावून अगदी चिकटून जावे नाही तर लाथेच्या टप्प्याबाहेरून जावे, आणि त्याच्या पायाशी काम करताना जमिनीवर गुडघे टेकून बसू नये, एवढे तरी पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे. पायात बंद, मजबूत बूट हवेत. चप्पल घालून पागेत आलेल्या पाहुण्याला मी आता दारातूनच परत पाठवतो, मग तो कितीही जवळचा असो.

माझी दुसरी चूक प्रेमाची होती, आणि म्हणून ती अधिक धोक्याची होती. एका संध्याकाळी मी पागेत लवकर पोहोचलो. घोडा दारावर पाय आपटत होता, भुकेला दिसत होता. मी त्याला ठरलेली चंदी (धान्याचा खुराक) घातली आणि घरी आलो. तासाभराने पत्नीही, तितक्याच प्रेमाने, त्याला तीच चंदी घालून आली. आम्हाला हे जेवताना बोलण्यातून कळले. घोड्याचे पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान असते, दिवसभर थोडे थोडे चरत राहण्यासाठी घडलेले असते, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेले जास्तीचे धान्य बाहेर काढण्याचा मार्ग त्याच्याकडे नसतो. एकदम पोटात गेलेल्या धान्याने पोटशूळ उठू शकतो, किंवा खुरांच्या आतल्या थरांना सूज येऊन लॅमिनायटिस होऊ शकतो, ज्यातून काही घोडे पुन्हा धड चालू शकत नाहीत. त्या रात्री पत्नी दर दोन तासांनी पागेत जाऊन आली आणि मी कंदील धरून तिच्यामागे होतो. सुदैवाने काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी घोड्याच्या खोलीच्या, म्हणजे ठाणाच्या, दारावर एक पाटी लागली; चंदी, पाणी, वैरण, औषध यांपैकी जे दिले त्याची वेळ आणि देणाऱ्याचे आद्याक्षर तिच्यावर लिहायचे, आणि लिहिलेले नसेल तर आधी फोन करून विचारायचे. आमच्या संसारातला सर्वांत उपयोगी दस्तऐवज ती पाटी आहे, असे मी गमतीने म्हणतो. पत्नीला ती गंमत वाटत नाही.

तेव्हापासून आमच्यात कामांची वाटणी ठरलेली आहे. पाणी, लीद, वैरणीच्या जाळ्या भरणे, कुंपणाची फेरी, चामड्याच्या सामानाला तेल लावणे, नालबंदाच्या तारखा आणि हिशेब ही माझी कामे. चंदीत बदल, औषधे, खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळणे, जखमेवर काही लावणे आणि चरायला सोडणे ही तिची. यात कमीपणा वाटावा असे काही नाही. पाणी भरणारा माणूस पाणी किती कमी झाले हे पाहतो, आणि पाणी न पिणे हे घोड्याच्या आजाराचे आरंभीचे लक्षण असू शकते. लीद भरणाऱ्याला कालच्यापेक्षा आज ती किती, कशी आणि केव्हा पडली हे समजते. मला घोड्याचा चेहरा वाचता येत नाही, पण त्याची लीद मी पत्नीपेक्षा चांगली वाचतो, हे तीही कबूल करते. अधूनमधून येऊन 'काही करू का?' असे विचारणाऱ्या हौशी मदतनिसापेक्षा, रोज एकच काम त्याच वेळी करणारा निरुत्साही माणूस घोड्याच्या जास्त उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे. हौशी माणूस तासभर आयाळ विंचरतो आणि पाण्याची बादली रिकामी ठेवून जातो.

याच ओळखीचा उपयोग तीन वर्षांपूर्वी झाला. पत्नी परगावी होती. सायंकाळी मी गेलो तेव्हा दुपारपासून लीद पडलेली नव्हती, वैरण तशीच होती, आणि घोडा पुढच्या पायाने जमीन उकरत वळून वळून आपल्या कुशीकडे पाहत होता. ही पोटशूळाची लक्षणे आहेत हे मला ठाऊक होते, कारण पत्नीने ती एका कागदावर लिहून पाटीशेजारी चिकटवली होती, आणि त्याखाली निरोगी घोड्याचे आकडेही होते: विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप मोजला तर साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, हिरड्या ओल्या व गुलाबी, आणि बोटाने दाबल्यावर दोन सेकंदांत रंग परतणाऱ्या. जबड्याच्या खालच्या कडेला नाडी कशी शोधायची हे तिने मला निरोगी घोड्यावर अनेकदा करून दाखवले होते. तेव्हा मला तो पोरखेळ वाटला होता. त्या दिवशी मी ५६ ठोके मोजले, वैरण काढून घेतली आणि पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे मी त्या कागदावरून आणि पाटीवरून देऊ शकलो. ते येईपर्यंत कोणतेही घरगुती औषध किंवा वेदनाशामक द्यायचे नाही, कारण त्याने दुखणे झाकले जाते, आणि घोडा लोळू लागला तर त्याला आवरायला आत न जाता ठाणाबाहेर व्हायचे, असे त्यांनी बजावले. उपचारानंतर मध्यरात्रीच्या सुमारास लीद पडली. लीद पाहून इतका आनंद मला त्यापूर्वी कधी झाला नव्हता.

त्या संध्याकाळी मला सर्वांत जास्त कामी आली ती आधीच मिळालेली मोकळीक. 'शंका आली तर मला विचारत बसू नकोस, सरळ डॉक्टरांना बोलाव, खर्चाचे आपण नंतर पाहू,' असे पत्नीने सांगून ठेवले होते. पुष्कळ घरांत ही मोकळीक दिलेली नसते. घोडा तिचा किंवा त्याचा, मग उगाच डॉक्टर बोलावल्याचा ठपका आपल्यावर नको, अशा विचाराने जोडीदार फोन लागण्याची वाट पाहत राहतो आणि मोलाचे तास जातात. घोड्याच्या मालकांना माझी विनंती आहे की त्यांनी हा अधिकार जोडीदाराला स्पष्ट शब्दांत द्यावा आणि पशुवैद्यांच्या कानावरही घालावा.

मालकांना आणखी एक सांगावेसे वाटते. चुकलेल्या जोडीदाराला 'एवढेही कळत नाही?' असे म्हणू नये. कळत नाही म्हणूनच तो तुमच्या पागेत आहे, आणि तरीही आहे. त्याला एका वेळी एकच काम शिकवावे, आधी स्वतः करून दाखवावे, मग समोर उभे राहून करून घ्यावे. त्याला घोड्याची भीती वाटत असेल तर ती हसण्यावारी नेऊ नये. घाबरलेला हात घोड्याला लगेच कळतो, आणि अशा माणसाने दारापलीकडची कामे करणेच दोघांच्या हिताचे असते. आमच्यासारख्यांनीही उगाच शौर्य दाखवू नये. 'हे मला येत नाही' असे म्हणण्याची लाज वाटून कितीतरी तंग चुकीचे आवळले जातात आणि कितीतरी दारांच्या खालच्या कड्या उघड्या राहतात. आणि घोड्यावरचा खर्च हा विषय पागेत काढू नये. तो घरी, शांतपणे काढावा. हे मी फार उशिरा शिकलो.

शेवटी एक सूचना करतो. घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्था स्वारांसाठी अनेक वर्ग घेतात; त्यांनी वर्षातून एकदा, स्वार न होणाऱ्या घरच्यांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग ठेवावा. त्यात कुणालाही घोड्यावर बसवू नये. दोर धरणे, जवळ जाणे आणि दूर होणे, झटक्यात सुटणारी गाठ, टाचेकडून पुढे खूर साफ करणे, नाडी मोजणे, आणि कोणत्या लक्षणाला थेट पशुवैद्यांना फोन करायचा, एवढे शिकवले तरी पुरे आहे. अशा वर्गाला नाव घालणारा पहिला माणूस मी असेन, कारण ती गाठ मला अकरा वर्षांनंतरही दर तिसऱ्या वेळी चुकते.

आपला,
एक वाचक