औषधी गांजा : लागवडीआधी रुग्णाचा विचार व्हावा

संपादक महोदय,

गांजाच्या औषधी वापराचा विषय गोव्यात निघाला की चर्चा थेट पार्ट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर जाऊन पोहोचते आणि ज्यांच्यासाठी ती व्हायला हवी ते रुग्ण बाजूलाच राहतात. डिसेंबर 2020 मध्ये औषधी कारणांसाठी गांजाची लागवड करण्याच्या प्रस्तावाला राज्याच्या कायदा खात्याने मान्यता दिल्याचे वृत्त आले, तेव्हा हेच घडले. विरोध झाला, निर्णय झालेला नाही असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले आणि विषय मागे पडला. त्याच महिन्याच्या 2 तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्य आयोगाने अमली द्रव्यांविषयीच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून गांजा वगळला होता आणि भारताने त्या बाजूने मत दिले होते.

माझ्या पत्नीची केमोथेरपी सुरू होती, तेव्हा शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास आला तरी तिला ओकारी येई. उकड्या तांदळाची पेज आणि तोराच्या लोणच्याचा खार, एवढेच ती चमच्याने घेई आणि तेही बहुधा पोटात टिकत नसे. एका परिचिताने कळवळ्यापोटी किनारी भागातून काळपट तेलाची एक बाटली आणून दिली. तिच्यावर ना घटक लिहिलेले होते, ना प्रमाण, ना बनवणाऱ्याचे नाव. ‘दोन थेंब जिभेखाली’ एवढीच तोंडी सूचना. डॉक्टरांना विचारले तर त्यांनी विषयच टाळला. ते तेल देण्याचे धाडस मला झाले नाही. पत्नी गेल्यावर कपाट आवरताना ती बाटली न उघडलेली सापडली.

ज्या 1985 साली आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा झाला, त्याच वर्षी अमेरिकेत नेमक्या याच उलट्यांवर ड्रोनाबिनॉल या औषधाला मान्यता मिळाली होती. गांजात नशा आणणारा जो टीएचसी नावाचा घटक असतो, तोच प्रयोगशाळेत तयार करून मोजलेल्या मात्रेत कॅप्सूलमधून दिला जातो. नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिऑलला तेथे 2018 मध्ये ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या बालवयातील दुर्धर अपस्मारांसाठी मान्यता मिळाली. त्याचेही यकृतावर परिणाम होऊ शकतात, इतर औषधांशी ते परस्परक्रिया करते, म्हणून रक्त तपासत राहावे लागते. या औषधांनी कर्करोग बरा होतो असे कोणी सांगत असेल तर ती रुग्णाची फसवणूक आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

आपल्या भूमीला ही वनस्पती परकी नाही. आयुर्वेद तिला विजया म्हणतो. पणजीच्या नगरपालिका उद्यानाला ज्याचे नाव आहे त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात भांगेची स्वतंत्र चर्चा केली आहे. कायद्याचा अडसरही वाटतो तेवढा नाही, कारण 1985 च्या कायद्यातच वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगाचा अपवाद आहे. मॉर्फिनचा अनुभव मात्र विसरता येणार नाही. तेही कायद्याने निषिद्ध नव्हते, तरी परवान्यांच्या जंजाळामुळे असह्य वेदनेत असलेल्या रुग्णांना ते मिळेनासे झाले आणि नियम सुटसुटीत करण्यासाठी 2014 मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला.

म्हणून माझी आरोग्य खात्याला विनंती आहे की, महसुलाशी आणि जमिनीशी जोडलेला लागवडीचा प्रश्न तूर्त वेगळा ठेवावा. कर्करोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, आयुर्वेदाचार्य आणि औषधनिर्माणशास्त्राचे जाणकार यांची समिती नेमून कोणत्या रुग्णाला कोणते प्रमाणित औषध, किती मात्रेत आणि कोणाच्या देखरेखीखाली देता येईल, हे आधी ठरवावे. आणि ते ठरेपर्यंत, एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाने याबद्दल विचारले तर सरकारी इस्पितळातील डॉक्टरांनी त्याला दोन मिनिटे बसवून खरी माहिती द्यावी, एवढे परिपत्रक तरी काढावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा