सोनीच्या लॅपटॉपसाठी ठेव मोडू नका

पुणे,
२४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, दादाच्या सोनीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा म्हणून तुम्ही पाठवलेला दुकानाच्या कोटेशनचा फोटो मिळाला. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि मग आपलंच खरं करता. त्यात दादा मधेच फोन काढून घेतो. म्हणून सविस्तर लिहायले. सोनी शनिवारी होस्टेलवरून घरी आली की तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या, म्हणजे तिच्याही कानावर जाईल.

आधी पैशाचं. आईच्या नावची पोस्टातली ठेव मोडायचं चाललंय असं वहिनी सांगत होती. ती अजिबात मोडू नका. ज्येष्ठ नागरिक योजनेतली ठेव आहे, ती ठेवून अजून दोन वर्षं पूर्ण झालेली नाहीत. आत्ता मोडली तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. लागतील तेवढेच काढू म्हणाल तर तसं चालत नाही, अख्खं खातंच बंद करावं लागतं. ८.२ टक्क्यांचं व्याज दर तीन महिन्याला आईच्या हातात पडतंय, तिच्या गोळ्या त्यातूनच येतात. पोरीच्या लॅपटॉपपायी तिनं पुन्हा तुमच्याकडं हात पसरायचा का?

आणि सोयाबीनच्या भरवशावरही कुणाला शब्द देऊ नका. हमीभाव ५,३२८ जाहीर झाला हे खरं, पण या पावसानं शेंगा काळ्या पडायल्यात. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की केंद्रावरून माल परत येतो आणि मोंढ्यात आडत्या म्हणेल तो भाव. ओढ्याकाठच्या वावरातलं पाणी उतरलं का? दादाला विचारलं की "हाव, उतरंल" एवढंच म्हणतो.

तुमचं म्हणणं असं की, मुलींची फी माफ झाली, वाचलेले पैसे लॅपटॉपला लावू, आणि एकदाच घ्यायचा तर भारीतला घेऊ. फी वाचली ही मोठीच गोष्ट आहे. पण होस्टेल, मेस, ड्रॉइंगचं सामान, येणं-जाणं हे काही माफ झालेलं नाही. ते चार वर्षं चालणार.

आता त्या ९८,५०० च्या गेमिंग लॅपटॉपचं. दुकानदारानं तुम्हाला सांगितलं की मेकॅनिकलला ग्राफिक्स कार्डाशिवाय चालतच नाही. मी चाकणला दिवसभर हेच काम करते, तेव्हा माझं थोडं ऐका. सोनीला पुढं ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स ही ड्रॉइंग-डिझाइनची, आणि अॅन्सिस हे पार्ट किती ताण सोसेल ते तपासणारं, असली सॉफ्टवेअर लागतील. सॉलिडवर्क्समधे एखादा पार्ट काढायचा, त्यात बदल केला की तो पुन्हा बनतो, या कामाचा बहुतेक भार प्रोसेसरवर असतो. तोही एका वेळी बहुतेक त्याच्या एकाच कोअरवर, म्हणजे आतल्या एकाच भागावर. महागडं गेमिंग कार्ड त्या वेळी नुसतं बसून असतं. अॅन्सिसची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती फुकट मिळते, पण तिलाच मर्यादा घातलेली आहे. पार्टचे बारीक तुकडे करून त्यावर गणित चालतं, आणि त्या आवृत्तीत स्ट्रक्चरलच्या (ताण तपासायच्या) कामाला १,२८,००० नोड्सच्या, म्हणजे त्या तुकड्यांच्या जोडबिंदूंच्या, पुढं जाताच येत नाही. एवढं गणित साधारण लॅपटॉपही करतो, फार तर चहा होईपर्यंत थांबावं लागेल. शेवटच्या वर्षाला खरंच एखादा मोठा प्रोजेक्ट निघाला तर कॉलेजची लॅब आहेच. त्या दोन महिन्यांसाठी आत्तापासून चाळीस हजार जास्तीचे कशाला घालायचे?

शिवाय ते धूड सव्वादोन-अडीच किलोचं. त्याचा चार्जर वेगळा, विटेएवढा. कार्ड चालू झालं की बॅटरी दीड-दोन तासांत बसते. विष्णुपुरीला कॉलेजवर एक वेळ ठीक, पण सुट्टीत घरी आल्यावर आपल्याकडची लाईट कशी असते ते मी काय सांगावं!

आत्ता लगेच घ्यायची तर मुळीच घाई नाही. पहिल्या वर्षाला सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, वर्कशॉप, ग्राफिक्स म्हणजे इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग, थोडं सी प्रोग्रामिंग. सी लिहायला कुठलाही कम्प्युटर चालतो, आणि ग्राफिक्सला आधी हातानं शीट काढायला शिकली तर बरंच. तिच्या रूममधल्या दोघींनी घेतले म्हणून तिला वाईट वाटतंय, ते मला कळतं. दिवाळीपर्यंत कळ काढ म्हणावं.

दादाच्या मित्राकडचा २२ हजारांचा जुना लॅपटॉप मात्र नको. दादानं त्याच्या प्रोसेसरचा नंबर पाठवला होता, तो सातव्या पिढीचा आय-५ आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. विंडोज १० चा सपोर्ट पुढच्या महिन्यात १४ तारखेला संपतोय. म्हणजे दिवाळीत हातात येणार ते आधीच मोडीत निघालेलं. मित्राला वाईट वाटू नये म्हणून घेऊ, असं दादा म्हणेल. तुम्ही त्याला सांगा.

नव्यातसुद्धा नाव बघून फसू नका. बाबा, माळेगावच्या यात्रेत तुम्ही विकणाऱ्याच्या बोलण्याकडं लक्ष न देता आधी बैलाचं तोंड उघडून दात बघायचात. लॅपटॉपचे दात त्याच्या प्रोसेसरच्या नंबरात असतात. तुमच्या कोटेशनच्या मागं दुकानदारानं "स्वस्तातला पर्याय" म्हणून पेनानं रायझन ५ ७५२०यू लिहिलंय ना, त्यातला पहिला ७ बघून वाटतं माल ताजा आहे. पण वय तिसऱ्या आकड्यात असतं. तिथं २ आहे, म्हणजे आतली रचना २०१९ सालची. तिथं ३ असेल तर चालेल, ४ असेल तर उत्तम. हा हिशोब रायझनच्या ७००० वाल्या नंबरांनाच लागू, सगळ्यांना लावू नका. इंटेलचा दाखवला तर शेवटचं अक्षर बघायचं. एच असेल तर कामाला ताकदीचा, यू असेल तर वीज कमी खाणारा, बॅटरी जास्त चालवणारा. आपल्याला तेराव्या पिढीचा एच वाला आय-५ पुरेसा आहे.

रॅम, म्हणजे एका वेळी उघडलेली कामं धरून ठेवायची जागा, १६ जीबी पाहिजे. ८ वर सॉलिडवर्क्स आणि दहा टॅब उघडले की मशीन रडतं. एसएसडी, म्हणजे फायली साठवायची जागा, ५१२ जीबी. स्क्रीन पूर्ण एचडी. दुकानात स्क्रीन थोडी मागंपुढं वाकवून बघायची, रंग पांढुरके पडले किंवा उलटे दिसले की तो लॅपटॉप ठेवून द्यायचा. एवढं सगळं ५५ ते ६० हजारांत बसतं. आणि एक गोष्ट सोनीनं तिथंच करायची: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, परफॉर्मन्समधे मेमरीवर जायचं, तिथं रॅमच्या पट्ट्यांचे किती स्लॉट (खाचे) आहेत आणि किती भरलेत ते लिहिलेलं दिसतं. दोनपैकी एक भरलेला असेल तर सोनं. पुढं दोन वर्षांनी नुसती एक पट्टी आणून घालता येते. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथं मग जे आहे ते आहे. मावशीच्या राहुलनं सुचवलेला अॅपलचा लॅपटॉप दिसायला देखणा आहे, पण सॉलिडवर्क्स त्यावर चालत नाही. विषय संपला.

जीएसटी कमी झाला म्हणून थांबू का, असं तुम्ही विचारलं होतं. सोमवारपासून दर बदलले ते खरं, मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. लॅपटॉपवर आधीपासूनच १८ होता, तो तसाच आहे. तेव्हा "जीएसटीची सूट" म्हणून कुणी दोन हजार कमी केले तर ते आधी वाढवलेलेच समजा.

कोटेशनची शेवटची ओळ वाचलीत का? "विंडोज, ऑफिस, ऑटोकॅड टाकून – २,५००." हे पैसे द्यायचे नाहीत. विंडोज मशीनसोबतच अस्सल आलेलं पाहिजे. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना कंपनीकडूनच फुकट मिळतं, कॉलेजची ओळख दाखवायची आणि दरवर्षी नव्यानं नोंद करायची. दुकानात पेन ड्राइव्हवरून टाकून देतात ते चोरीचं, आणि त्यातूनच व्हायरस येतो. मग अँटीव्हायरसचे आणखी पैसे. विंडोजमधे व्हायरसचा बंदोबस्त असतोच, वेगळा घ्यायची गरज नाही. ते पैसे वॉरंटी वाढवण्यात घाला. घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी असते, ती आपल्या पिनकोडला लागू आहे का एवढं आधी विचारायचं. नाहीतर कागदावर सेवा आणि बिघडल्यावर पार्सल.

बाबा, आता थोडं वेगळं. वहिनी म्हणाली की तुम्ही कोटेशन घेऊन आलात तेव्हा म्हणालात, "माईला तेव्हा देता आला नाही, निदान नातीला तरी." मला वाटतं तो ९८ हजारांचा लॅपटॉप तुम्ही सोनीसाठी बघतच नव्हता, माझ्यासाठी बघायला गेला होतात. मी कॉलेजच्या लॅबमधे रात्री उशिरापर्यंत बसायची, हे तुमच्या मनात अजून सलतंय. तुम्हाला खरं सांगू? मला त्याचं कधीच काही वाटलं नाही. लॅबचे सर साडेआठला कुलूप लावायला यायचे आणि मी दिसले की किल्ली फिरवत बाहेर बसायचे. त्या टेबलावरच मी ड्रॉइंग शिकले. माझ्या बॅचमधे महागडे लॅपटॉपवाले होते, त्यातले दोघं आज माझ्याच हाताखाली आहेत. हे सोनीपुढं वाचायचं नव्हतं खरं तर, पण आता लिहिलं ते लिहिलं.

तेव्हा माझ्या वाट्याचं काही फेडायचं राहिलंय असं मनात धरू नका. तुम्हाला नातीला काही द्यायचंच असेल तर ती दुसरी रॅमची पट्टी द्या, तिसऱ्या वर्षाला, तेव्हाच्या भावानं. तिला तेव्हा त्याची खरी गरज असेल.

लॅपटॉपचे पैसे मी आणि दादा निम्मे निम्मे करू. दादाला आत्ता अडचण आहे, तेव्हा आधी मी भरते, त्यानं तूर निघाल्यावर द्यावेत. आमच्या ह्यांच्याशी बोलणं झालंय, त्यांची काही हरकत नाही. बाबा, यात मान-अपमान आणू नका. "लेकीच्या घरचं पाणी" वगैरे आजीच्या काळात ठीक होतं. सोनी माझीही कुणीतरी लागतेच की.

आम्ही धनत्रयोदशीला पोचतो. भाऊबीज २३ तारखेला गुरुवारी आहे, शुक्रवारी सकाळच्या एसटीनं सोनी, दादा, तुम्ही आणि मी नांदेडला जाऊ. दोन-तीन दुकानं फिरू. भाव तुम्हीच करायचा, ते मला जमत नाही. बिल सोनीच्या नावानं घ्यायचं. त्या दुकानदाराला तुम्ही दोन हजार ॲडव्हान्स दिल्याचं वहिनी दबक्या आवाजात सांगत होती. ते आत्ताच जाऊन परत मागा, पावती सांभाळून ठेवली असेल तर.

आई, तुझा गुडघा कसा आहे? पाऊस असेपर्यंत मळ्यातल्या देवीला चालत जाऊ नको, घट घरात बसलेत तेवढे पुरे. फराळाचं एकटीनं काढू नको, मी आल्यावर करू. शेंगदाण्याची चटणी मात्र करून ठेव, इथं तशी होत नाही.

तुमची,
माई

ता. क. दादा, पत्र वाचून झाल्यावर तो सातव्या पिढीवाला तुझ्या मित्राला परत देऊन ये. तो आत्ता आपल्या घरात टीव्हीजवळ ठेवलाय, हेही मला माहीत आहे.