आई-बाबा, नोकरीला नाही म्हणून कळवलंय

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं म्हणते आणि बाबांचा आवाज ऐकला की विषय बदलते, म्हणून लिहितेय. पुण्याच्या कंपनीला नाही म्हणून कळवून टाकलंय. आई, लगेच दादावर चिडू नकोस, त्याला मीच गप्प बसायला सांगितलं होतं.

मी इथंच सोलापुरात, आपल्या मागाच्या शेडमध्ये काम करणार. बाबा, माग जागचा हलवलेला नाही, विकायचा तर प्रश्नच नाही, ताडपत्री घालून ठेवलाय, मी फक्त खिडकीकडची बाजू घेतलीय. बॅटरीचे सेल किती टिकतात ते तपासायचं मशीन मी बनवलंय. ते सेल चार्ज करतं, रिकामा करतं, परत चार्ज करतं, असं महिनोन्महिने, आणि दरवेळी किती चार्ज आत गेला नि किती बाहेर आला ते मोजतं. सेलची क्षमता नव्याच्या ८० टक्क्यांवर आली की गाडीसाठी तो सेल संपला असं धरतात. असली मशीन बाहेरून घ्यायची तर लाखांत जातात, मग आपल्याकडं इलेक्ट्रिक स्कूटरचे बॅटरी पॅक दुरुस्त करणारी पोरं, त्यांना कुणी जुने सेल नवे म्हणून दिले तर ती तपासणार कुठं?

पार्ट स्वस्तातले चालतात पण मोजमाप स्वस्तातलं चालत नाही बघा. एकदा चार्ज नि एकदा रिकामा म्हणजे एक सायकल, दर सायकलला क्षमतेचा हजारातला एकच भाग कमी झाला तरी ५०० सायकलनंतर साधारण ६० टक्केच उरतं. इतका बारीक फरक पकडायचाय, म्हणून व्होल्टेज मोजायला सेलपासून वेगळ्या बारीक वायरी काढल्यात, नाहीतर करंट नेणाऱ्या जाड वायरीत होणारी व्होल्टेजची घट सेलच्या नावावर लागते. आणि चार तासांची एक सायकल धरली तरी ५०० ला जवळजवळ तीन महिने लागतात, हे नोकरी सांभाळून रविवारी होणारं काम नाही हो.

बाबा, तुम्ही टॉर्चचे सेल गच्चीवर उन्हात ठेवायचात आणि मी शेजारी राखण बसायची, रात्री तुम्ही भिंतीवर उजेडात हाताचं हरीण करून दाखवायचात. माझ्या या लिथियमच्या सेलचं उलटं असतं, उष्णतेनं आतला थर वाढत जातो, लिथियम त्यात अडकतं नि सेल लवकर म्हातारा होतो. आपल्या मे महिन्यात, ४२-४३ डिग्रीत, गाडीतल्या सेलचं काय होतं तेच मला बघायचंय. आई, त्यासाठी तुझा बंद पडलेला फ्रिज घेतलाय, आत बल्ब आणि पंखा लावून ४५ डिग्री कायम ठेवते. तुझी लोणच्याची बरणी त्यातून काढून नीट कपाटात ठेवलीय, काळजी करू नकोस.

आगीची भीती वाटेल तुम्हाला, माहितीय. प्रत्येक सेलला फ्यूज आहे, सेल पत्र्याच्या डब्यात असतात, जास्त तापला की सप्लाय आपोआप तुटतो, आणि मी झोपते घरात, शेडमध्ये नाही. जेवण वेळेवर होतं, शेजारच्या काकू भाकरी देतात, शेंगाचटणी भरपूर आहे. पैसे साठवलेले आहेत, बाबांच्या औषधांचे मी पाठवते तसे पाठवणारच, त्यात काही बदल नाही.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच, "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, वहिनीला पोळ्या लाटू देत, गुडघा दुखतोय तर ओट्यापाशी उभी राहू नकोस. दिवाळीआधी इकडं यायचा हट्ट नको, पाणी अजून चार-पाच दिवसांआडच येतंय, तुम्हाला बादल्या उचलायला लागतील. कंटाळा आला तर मीच हुतात्मा एक्सप्रेसनं येऊन जाईन, बाबांना सेलचे ग्राफ दाखवायचेतच. आणि दादाला सांगा, रिपोर्टचा फोटो उजेडात काढून पाठव, मागचा अजिबात वाचता आला नाही.

तुमची,
मनू