कराडच्या धावपट्टीवर हात देणाऱ्यांचे आभार

वळवाचं वारं सुटलं तेव्हा कराडच्या धावपट्टीवर आमचं दोन आसनी हलकं विमान बांधायला धावलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं विचारायची राहिली. दोर ४५ अंशांत, इंचभर ढिले ठेवलेत हे फार बरं केलंत. ताणून बांधले की पंखांवर उलटा, खाली ओढणारा ताण येतो. तागाचा दोर भिजला की आखडतो, म्हणून नायलॉनचा आणून देणाऱ्या दादांना खास धन्यवाद. पिटो नळीवर, म्हणजे वेग मोजायला समोरून हवा घेणाऱ्या नळीवर, आठवणीने टोपी चढवणाऱ्या ताईंनाही. कुंभारमाशीने तिथे मातीचं घर केलं की वेगमापकावर भरवसा उरत नाही.

इंधनाचं तर विचारूच नका! आमच्या विमानाच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं, पंपावर आता २० टक्क्यांचं. मोजनळीत १० मिली पाणी, ९० मिली पेट्रोल, हलवून ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं, म्हणून खालचा थर १० मिलीच्या वर गेला की पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. इथे तो २० मिलीच्याही पार गेला, म्हणजे इथेनॉल १० टक्क्यांहून जास्त. शाळेतून मोजनळी आणून देणाऱ्या सरांमुळे ते पेट्रोल टाकीत गेलं नाही.

आणि धावपट्टीवरची कुत्री हाकलणाऱ्या पोरांनो, तुमचा वडापाव आमच्याकडे बाकी.